गल्लीतून उचलून नेलेली गाडी

कुठून सुरू करायचं, हेच मला कळत नाही. सांगायचं असं कधी ठरवलंच नव्हतं, त्यामुळे सुरुवातही शोधून ठेवलेली नाही. माझ्या थोरल्या बहिणीला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. माझ्या नवऱ्याला नाही — त्यांना तर नाहीच. आणि ज्या माणसाला ह्याचा सगळ्यात जास्त फटका बसला, त्यालाही नाही. तुम्ही परके आहात, तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. मैत्रिणीशी बोलावं तसं. चालेल ना? नाही चाललं तरी आता बोलणार आहे.

मी नर्स होते. माहेर माधवनगरचं, सांगलीला लागून. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घरी. सासर कोरेगावच्या बाजूला, सातारा जिल्ह्यात. नवरा लष्करात — बंदूकवाला नव्हे, वर्कशॉपमधला. ट्रक, जीप, जे बिघडेल ते. लग्नानंतरची बरीच वर्षं ते कुठंतरी सरहद्दीकडे आणि मी सांगलीच्या दवाखान्यात. मूल झालं नाही. ती वेगळी गोष्ट आहे, तिला इथं ओढत नाही. ते पेन्शनीत आले आणि त्याच सुमारास मला इंग्लंडात नोकरी लागली. परीक्षा मी दिली, कागद मी केले, आणि मीच ह्यांना म्हटलं — चला. आयुष्यात एकदा तरी एका छताखाली राहू.

इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक गाव. लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं आणि घरांच्या मागून जाणारी अरुंद गल्ली. मी दिवसभर वॉर्डात उभी. हे एका गोदामात खोकी उचलायचे, तेही आठवड्यातले निम्मे दिवस. बाकी वेळ घरात. ज्या माणसाच्या एका हाकेवर अख्खं वर्कशॉप हलायचं, तो खिडकीत बसून समोरच्या विटा बघायचा. इंग्रजी येत नव्हती असं नाही, पण बोलायला लाजायचे. मी घरी आले की विचारायचे, "आज लय पेशंट हुते का?" मी व्हय म्हणायची. झालं आमचं बोलणं. मग टीव्ही.

दस्तगीर आम्हाला तिथंच भेटला. आपल्याकडच्या वाणसामानाच्या दुकानात मी ह्यांच्याशी ज्वारीच्या पिठावरून हुज्जत घालत होते — पीठ कडू निघतं की नाही, असलं काहीतरी — आणि मागून कुणीतरी म्हणालं, "त्ये न्हाई कडू निघत, आक्का. घ्या बिनघोर." वळून बघितलं तर एक दाढीवाला, उंच, लाजरा माणूस. माधवनगरचाच निघाला. त्याचे वडील गाड्यांच्या सीटा शिवायचे. त्या दुकानाबाहेर वाळत घातलेला काथ्या मला शाळेच्या वाटेवरचा आठवत होता. तो इथं एका बेकरीत कामाला होता, बायको-मुलं गावाकडं. त्या दिवसापासून मी त्याची आक्का आणि हे त्याचे दाजी.

आता गाडी.

तिच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. ते नाव आमच्या घरात घेतलं जात नाही, इथंही घेववत नाही. एवढंच सांगते — लांब नाकाची, आत लाकूड आणि चामडं असलेली, एके काळी तिथले वकील आणि कारखानदार वापरायचे तसली गाडी. पलीकडच्या रस्त्यावरच्या एका विधवा म्हातारीच्या अंगणात ताडपत्रीखाली पडली होती. चाकांत हवा नव्हती, दारांच्या खालच्या कडांना गंजून जाळी झाली होती, मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार. म्हातारीला ती तिथून हलवायची होती. ह्यांनी भंगाराच्या भावात घेतली. मला न विचारता. घेतल्यावर मात्र लहान मुलासारखे दारात उभे राहून म्हणाले, "शैला, रागावू नगं. इंजिन जिवंत हाय तिचं."

मी नाही रागावले. खरंच नाही. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं, मी कशाला रागावेन?

आमच्या घरामागं एक पत्र्याची शेड भाड्यानं मिळाली आणि रविवार तिथं जायला लागले. असल्या गाडीला लोक बंगल्याचे पैसे घालतात. आमच्याकडं होते फक्त चार हात. हे भंगाराच्या डेपोत अर्धा अर्धा दिवस फिरायचे आणि खिशातून एखादा दिवा, एखादं हँडल काढून टेबलावर ठेवायचे, जसं काही सोनं आणलंय. गंजका पत्रा कापून त्यांनी जुन्या वॉशिंग मशीनचा पत्रा तिथं जोडला. आणि सीटा? तिथं लोक जुने सोफे रस्त्यावर काढून ठेवतात. दस्तगीर बेकरीतून सुटला की वाटेतला प्रत्येक सोफा चाचपत यायचा. खरं चामडं हाताला लागलं की तिथंच फुटपाथवर बसून, सुरीनं सोलून, पिशवीत भरून आणायचा. निरनिराळ्या घरांचे, निरनिराळ्या रंगांचे सोफे — त्यानं सगळ्याला एकच तपकिरी रंग दिला आणि बापाकडनं शिकलेल्या टाक्यांनी सीटा शिवल्या. बसल्यावर कुणाला कळलं नसतं.

आतलं लाकूड मी घासलंय. एक अख्खा हिवाळा, सुट्टीच्या दिवशी, बोटं सुजेपर्यंत. मला आवडत होतं ते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की ह्या बाईला ती गाडी पहिल्यापासून डोळ्यात खुपत होती. तसं नव्हतं. तसं असतं तर सोपं झालं असतं.

मग कधी फिरलं माझं मन? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. एक दिवस ड्युटीवरून येताना मला गल्लीतून हसणं ऐकू आलं. ह्यांचं. मोकळं, पोटातून आलेलं, थांबता न थांबणारं. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले, हातात भाजीची पिशवी. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि ते हसणं मी ओळखलंच नाही आधी. मला वाटलं, कुणी परका माणूस आहे. मग मी आत गेले, भाजी फ्रीजमध्ये ठेवली. जेवताना ते नेहमीसारखे गप्प. "आज लय पेशंट हुते का?" — "व्हय."

मी त्यांना एका छताखाली राहायला आणलं, आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. असं मला वाटायला लागलं. कुणाला सांगणार होते मी हे? नवऱ्याला छंद लागला म्हणून तक्रार करतं का कुणी?

आणि मग नाना गेले. माझे वडील. भावाचा फोन वॉर्डात आला. मी ह्यांना फोन लावला — लागला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. मला कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवायचं होतं, दुसरं काही नाही. शेवटी युनिफॉर्मवरच बसने घरी आले. गल्लीत वळले तर गाडीचा हॉर्न वाजला — मोठा, भारदस्त, लग्नाच्या वरातीसारखा. पुन्हा वाजला. हॉर्न दुरुस्त झाला होता आणि दोघं आनंदानं तो वाजवून बघत होते. फोन ह्यांच्या कोटाच्या खिशात, कोट शेडच्या खिळ्याला.

ह्यांचा काही दोष होता का? नव्हता. मी सांगितल्यावर ते रडले, तिकीट काढलं, माझी बॅग स्वतः भरली. पण मी विमानात बसले तरी तो हॉर्न माझ्या कानातून जाईना.

नानांचं तेरावं करून मी परत आले, तेव्हा गाडी रंगवून झाली होती. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग. हे मला विमानतळावरून घरी न नेता आधी शेडकडं घेऊन गेले. "बघ तर!" म्हणाले. मी बघितलं. छान झालीय म्हटलं. नानांचं कसं झालं, शेवटी कोण जवळ होतं, हे विचारलं ते दस्तगीरनं. संध्याकाळी आला, स्वयंपाकघरात खाली बसला आणि सगळं विचारत राहिला. गिरणीतले कोण कोण आले होते, कोणत्या घाटावर नेलं. मग उठताना म्हणाला, "आक्का, तुमच्या बाजूची सीट वाईच उंच केलीया. तुमची उंची कमी, समुद्र दिसाया पायजे न्हवं?" गाडी पास झाली की पहिली फेरी समुद्रावर, असं त्यांचं ठरलं होतं. आम्ही तिघं.

हे सगळं मला माहीत होतं, जेव्हा मी ते केलं. सीटचंसुद्धा.

शेडच्या मालकाला शेड परत हवी झाली, म्हणून गाडी मागच्या गल्लीत रस्त्यावर आली. तिची सरकारी तपासणी व्हायची होती, ती पास झाल्याशिवाय टॅक्स भरता येत नव्हता, आणि टॅक्स नसलेली गाडी रस्त्यावर उभी करणं तिथं गुन्हा. कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, असली गाडी उचलून नेते. दस्तगीर सारखा सांगत होता — "दाजी, रस्त्यावर नगं. कुनीबी कौन्सिलला कळवंल, उचलून न्हेतील. माज्या मालकाच्या आवारात ठिवू." हे हट्टी. नजरेसमोर हवी होती गाडी. "आरं, चार दिवसाचा तर प्रश्न हाय गड्या." त्यावरून दोघांची जराशी वादावादीही झाली, माझ्यासमोर.

आणि मी फोन केला.

दिवसाउजेडी, जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या मागच्या बाकावर बसून. रागात नव्हते. रडत नव्हते. डबा मांडीवर होता. पलीकडची बाई फार सभ्य होती. म्हणाली, तुमचं नाव सांगायची गरज नाही. मी गल्लीचं नाव सांगितलं. रंग सांगितला. गाडीचा नंबर सांगितला — नंबर मला पाठ होता. बाईनं माझे आभार मानले. मी पोळीभाजी खाल्ली आणि वॉर्डात परत गेले.

काय वाटलं होतं मला — गाडी गेली की ते माझे होतील? असा काही विचार केला होता का? आठवत नाही. एवढंच आठवतं, की ते हसणं बंद व्हावं असं वाटत होतं. हे लिहिताना सुद्धा लाज वाटते आहे. पण तेवढंच खरं आहे.

क्रेनची गाडी आली तेव्हा माझी सुट्टी होती आणि हे गोदामात. मी वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. खिडकीतून सगळं दिसत होतं. खाली गेले असते, दोन शब्द बोलले असते, आजच्या दिवस थांबा म्हटलं असतं तर ते लोक थांबलेही असते कदाचित. मी टॉवेलची घडी घातली. मग दुसऱ्या टॉवेलची. गाडी वर उचलली गेली तेव्हा पुढची चाकं हळूहळू फिरत होती.

हे आले तेव्हा रिकाम्या जागेसमोर किती वेळ उभे होते, मी मोजला नाही. आधी चोरी झाली असं वाटलं त्यांना. मग पोलिसांकडून कळलं, कौन्सिलनं नेली. कुणीतरी कळवलं होतं. "कुनीतरी" हा शब्द ते संध्याकाळभर उच्चारत राहिले.

दस्तगीर धावत आला. पीठ लागलेले हात तसेच. "दाजी, चला, आत्ताच्या आत्ता जाऊन सोडवू."

ह्यांनी त्याच्याकडं बघितलं. "तुला कसं ठावं हुतं रं?"

"काय?"

"उचलून न्हेतील म्हून. लय येळा सांगत हुतास. कागद न्हाईत हे तुज्याबिगर कुनाला ठावं हुतं?"

दस्तगीरला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा असा झाला, की मला आजही तो समोर आला की हातातलं काम टाकावं लागतं. "दाजी," तो म्हणाला, "माज्या हातानं सीटा शिवल्यात मी. आईची शपथ, मी न्हाई."

हे माझ्याकडं वळले. "शैला, तू सांग. ह्यो म्हनत हुता का न्हाई, कौन्सिलला कळवतील म्हून?"

मी तिथं होते. तोंडात शब्द होते, जीभ होती. फक्त म्हणायचं होतं — मी केलं. किंवा नुसतं म्हणायचं होतं, अहो, काय बोलताय, तो तर आपल्या भल्यासाठी सांगत होता.

मी म्हणाले, "म्हणत होता."

खोटं नव्हतं ते. एक अक्षरही खोटं नव्हतं.

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. आक्का म्हणाला नाही. थोडा वेळ थांबला — मी आणखी काही बोलेन म्हणून थांबला असावा — आणि गेला. पायरीवर पिठाचे ठसे राहिले, ते मी पुसले.

गाडी सोडवता आली असती. दंड होता, शिवाय ठेवण्याचं भाडं दिवसागणिक चढत होतं. ह्यांच्याकडं तेवढे नव्हते. माझ्याकडं होते. त्यांनी मागितले नाहीत, फक्त एकदा जेवताना माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सोडून द्या आता. जुनी गाडी ती." मुदत संपली आणि गाडीचा चुरा झाला. कौन्सिलचा तसा निरोप आला. त्यांनी वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "वरण वाढ."

दस्तगीर महिन्याभरात दुसऱ्या गावाला निघून गेला. मला वाटलं होतं, हळूहळू सगळं निवळेल. निवळलं ते असं, की हे पुन्हा खिडकीत बसायला लागले. आधी निदान विटा बघायचे, आता तिथंच बसून झोपायचे. आम्ही आणखी काही वर्षं काढली तिथं. माझे गुडघे गेले, आम्ही परत आलो, साताऱ्यात घर केलं. ह्यांनी त्यानंतर कुठल्या गाडीचं बोनेट उघडलेलं नाही. स्कूटर चालू झाली नाही तर ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजला नेतात आणि बाहेर बाकड्यावर बसून राहतात. गॅरेजवाल्याला ठाऊक नाही, की समोर कोण बसलंय. आणि माणसांवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. भावकीत कुणी मदतीला आलं तरी म्हणतात, "बघू. आपला म्हननारा मानूसच घात करतो." मी कांदा चिरत असते. मी चिरत राहते.

गेल्या दिवाळीनंतर भाच्याच्या साखरपुड्याला माधवनगरला गेले होते, एकटीच. परत यायला सांगलीच्या एसटी स्टँडवर उभी होते, तर मागून हाक आली, "आक्का!"

दाढी सगळी पांढरी झाली होती. कुशनचं दुकान टाकलंय म्हणाला, वडिलांच्याच जागेत. मुलगा हाताशी आहे. माझी बॅग माझ्या हातातून घेतली, चहा मागवला. गुडघ्यांचं विचारलं. मग म्हणाला, "दाजी बरं हायेत न्हवं?"

"आहेत."

त्यानं चहा बशीत ओतला, पण प्याला नाही. "आक्का, एक इचारू? लय वर्सं झाली. माजं काय चुकलं हुतं, तेवढं सांगा. मी काय बोललो, काय केलं, की त्यास्नी माजा संशय आला? मी लय इचार केला. मला न्हाई घावलं."

स्टँडवर गलका होता. कुणाची तरी गाडी फलाटाला लागत होती, लोक खिडकीतून रुमाल टाकत होते. तो माझ्याकडं बघत होता. ह्या वेळी नवरा समोर नव्हता. नोकरी जाणार नव्हती, संसार मोडणार नव्हता, काहीसुद्धा होणार नव्हतं. त्या माणसाला फक्त एक उत्तर हवं होतं, आणि ते जगात एकट्या माझ्याजवळ होतं.

मी म्हणाले, "मला नाही माहीत, दस्तगीर."

त्यानं मान हलवली. "र्‍हाऊ द्या. तुमी तरी काय करनार." मग चहा प्याला, पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत. बस आल्यावर आधी चढून खिडकीची जागा धरली आणि बॅग वर ठेवून खाली उतरला. गाडी हलेपर्यंत उभा होता.

घरी पोहोचले तेव्हा हे दारात होते. बॅग आत घेतली. पाणी दिलं. म्हणाले, "गर्दी हुती का? कुनी भेटलं सांगलीत?"

मी म्हटलं, "नाही. कुणी नाही."